चकाकी म्हणजे दुरुस्ती नव्हे

गोव्यातील मोरजीच्या किनाऱ्यालगत दोन-तीन उन्हाळे उघड्यावर काढलेल्या गाडीचा रंग बहुधा टिकून असतो. आधी उतरतो तो न रंगवलेल्या भागांचा काळेपणा. बंपरची खालची कड, चाकांवरचे क्लॅडिंग, आरशांची बैठक, वायपरखालची जाळी आणि दारांचे बीडिंग राखी, पांढुरके दिसू लागते. मोरजीच्याच पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळ ५ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाला आणि पर्यटक थेट याच तालुक्यात उतरू लागला. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी त्याच्या हाती पडते, तेव्हा त्याची नजर आधी अशा भागांवर जाते. महिंद्रा थारसारख्या गाड्यांत तर काळ्या प्लास्टिकचे क्षेत्रच मोठे असते. त्यामुळे वॉशिंग सेंटर आणि डिटेलिंगच्या दुकानांत ‘काळे करून द्या’ ही मागणी नेहमीची झाली आहे. तिला उत्तर म्हणून बहुतेक ठिकाणी फक्त चकाकी दिली जाते. बिघाड होता तिथेच राहतो.

बंपर आणि क्लॅडिंगचे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रोपिलीन असते. ठिसूळपणा कमी करण्यासाठी त्यात ईपीडीएम रबर आणि ताठपणासाठी टाल्कची पूड मिसळतात. सुट्या भागाच्या आतल्या बाजूला ‘पीपी+ईपीडीएम-टी२०’ अशी खूण कोरलेली असते. टी२० म्हणजे २० टक्के टाल्क. काळा रंग कार्बन ब्लॅकचा, म्हणजे काजळीचा. तो भागाच्या पूर्ण जाडीत असतो. जोडीला उन्हापासून राखणारी स्थिरके असतात.

सूर्यप्रकाशातील २९० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरी आणि हवेतील ऑक्सिजन मिळून पॉलिप्रोपिलीनच्या लांब साखळ्या तोडतात. स्थिरके खर्ची पडली की ही झीज वेग घेते. मोरजी १५.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या आरंभी आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, ऐन डोक्यावर येतो. ऑगस्टात ढगांचे छत्र असते, मेमध्ये नसते. काळा पृष्ठभाग ऊन शोषून हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि उष्णतेने ऑक्सिडेशनला आणखी जोर चढतो. पृष्ठभाग आकसतो, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, टाल्कचे कण उघडे पडतात. भेगांतील हवा प्रकाश विखुरते, म्हणून भाग पांढुरका दिसतो. आतली काजळी शाबूत असते.

पाणी मारताच तोच भाग काळा दिसतो, याचे कारणही यातच आहे. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, सिलिकॉन तेलाचा सुमारे १.४ आणि पॉलिप्रोपिलीनचा सुमारे १.४९. भेग भरणारा द्रव प्लास्टिकच्या जितका जवळचा, तितका प्रकाश कमी विखुरतो. खोबरेल, डिझेल, जळके ऑइल किंवा बाजारातील स्वस्त ड्रेसिंग यांचा सारा परिणाम एवढाच. द्रव उडाला किंवा पावसाने धुतला की भाग पुन्हा राखी होतो. मधल्या काळात त्या तेलावर पेडणे-डिचोलीची तांबडी धूळ बसते आणि खरखरीत पोतात रुतते.

त्यामुळे कामाची सुरुवात बाटलीने नव्हे, तपासणीने व्हावी. पांढरेपणाची कारणे वेगवेगळी असतात. खाऱ्या वाऱ्याने बसलेले मीठ गोड्या पाण्याने जाते. पॉलिश करताना पोतात अडकलेले मेण रंगाच्या कडेला दिसते आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा साध्या खोडरबरने निघते. तांबूस छटा धुळीची असते. पावसाळ्यानंतरची हिरवट झाक शेवाळाची. हे सारे काढल्यावरही भाग राखी राहिला तर तो ओला करून पाहावा. ओला असताना एकसारखा काळा दिसला, तर कोटिंग चालेल. ओला असूनही डाग राहिले किंवा चोळल्यावर कपड्यावर भुकटी आली, तर झीज खोल आहे. तिथे रंगद्रव्य असलेला रिस्टोअरर किंवा रंगकाम लागेल. हलके दाबल्यावर तडकणारा भाग बदलणेच योग्य.

स्वच्छता हा कामाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. शॅम्पूने धुतल्यावर ऑल पर्पज क्लीनर बाटलीवरच्या प्रमाणात पातळ करून मऊ ब्रशने पोताच्या दोन्ही दिशांनी चालवावा. तो सुकण्याआधी भरपूर पाण्याने काढावा. जुने सिलिकॉन असल्यास ही फेरी पुन्हा करावी लागते. पाणी थेंब न धरता सपाट पसरू लागले, की जुना थर बहुतेक निघाला असे समजावे. मग कॉम्प्रेसरच्या हवेने फटी कोरड्या कराव्यात आणि शेवटी अल्कोहोलचा हात फिरवावा. या कामी मॅजिक स्पंज टाळावा; तो मुळात बारीक घासणारा पदार्थ आहे. त्याने पोत झिजतो.

पुढे मार्ग चार. पाण्यावर आधारित ड्रेसिंग स्वस्त आणि सोपे, पण आठवड्यांपुरते. रंगद्रव्याचा रिस्टोअरर खोल झिजलेल्या भागाला एकसारखा रंग देतो. शेजारच्या रंगावर टेप लावण्यात हयगय झाली तर डाग पडतात. सिरॅमिक ट्रिम कोटिंग भेगा भरून वर कडक थर धरते आणि नीट तयारी केल्यास वर्षभर किंवा अधिक टिकते. किनाऱ्यावर कायम उघड्यावर उभ्या गाडीला हा अवधी कमी सांगावा. यातली बरीच कोटिंगे हवेतील ओलाव्याने पक्की होतात. मोरजीच्या दमट हवेत ती लवकर घट्ट होऊ लागतात, म्हणून सावलीत, थंड पृष्ठभागावर, एका वेळी लहान तुकडा घ्यावा आणि जादा द्रव लगेच पुसावा. पक्के होईपर्यंत गाडी पावसात जाऊ देऊ नये. चौथा मार्ग रंगकामाचा: पॉलिप्रोपिलीनवर रंग मुळात धरत नाही, म्हणून आधी रंग धरवणारा अॅडहीजन प्रमोटर हवाच. तो वगळून मारलेला रंग पापुद्र्यांनी निघतो.

हीट गनचा प्रयोग लोकप्रिय आहे. सुमारे १६० अंशांवर वितळणारे पॉलिप्रोपिलीन गरम झोताने वरवर मऊ होते, भेगा मिटतात आणि काळेपणा तत्काळ परततो. पण संपलेली स्थिरके त्याने परत येत नाहीत, पोत सपाट होतो, भाग वाकण्याची आणि शेजारचा रंग करपण्याची भीती राहते. ग्राहकाच्या गाडीवर हा उपाय टाळावा.

रबराचा विचार वेगळा करावा लागतो. दारांचे बीडिंग बहुधा ईपीडीएमचे असते. ऊन आणि ओझोन ते चांगले सोसते, पण डिझेल, पेट्रोल आणि इंजिन ऑइल शोषून फुगते व सैल पडते. धुतल्यावर डिझेल मारण्याची गॅरेजची जुनी सवय म्हणूनच घातक आहे. पावसाळ्यात दारातून पाणी झिरपते तेव्हा तिची किंमत कळते. बीडिंगला सौम्य साबण आणि पाण्यावर आधारित सिलिकॉन पुरते. टायरवरची तपकिरी झाक ओझोनरोधक द्रव्य आतून वर आल्याची असते, म्हणजे ते रबर स्वतःचे रक्षण करत असते. कडक रसायनाने ती वारंवार खरवडू नये. टायरची नक्षी, ब्रेक, पेडल आणि वायपरची पाती यांना कोणतेही ड्रेसिंग लावू नये. तिथे प्रश्न सुरक्षेचा आहे.

या पट्ट्यात कामाचा मुख्य हंगाम ऑक्टोबर. तेव्हा शेवाळ काढून, भाग वाळवून कोटिंग दिले की ते पर्यटनाचा हंगाम आणि पुढचा उन्हाळा पेलते. मार्चमध्ये तपासणी करून विरळ झालेला थर भरावा. जूनमध्ये कोरडी जागा नसेल तर काम न घेणे बरे. उरलेले महिने गोडे पाणी आणि सावली हेच खरे संरक्षण.

मोरजीच्या व्यावसायिकावर आणखी एक जबाबदारी आहे. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद हे किनारे कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून नोंदवले आहेत. ऑलिव्ह रिडले मादी जिथे अंडी घालते, त्या वाळूकडे किंवा शापोरा नदीकडे क्लीनर आणि सिलिकॉनचे पाणी सोडणे समर्थनीय नाही. तेल वेगळे करणारी टाकी असलेल्या फरशीवरच हे काम व्हावे आणि शक्य तिथे सॉल्व्हंटऐवजी पाण्यावर आधारित माल वापरावा.

पावतीवर कोणता उपाय केला, तो किती काळ टिकेल आणि पुन्हा कधी दाखवायचे, या तीन गोष्टी लिहून द्याव्यात. ड्रेसिंग करून कोटिंगचे पैसे घेणारा महिन्याभरात उघडा पडतो आणि त्याच्याबरोबर सगळ्या व्यवसायाचे नाव जाते. भाग वाचण्यासारखा नसेल तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगणे हाही या कारागिरीचाच भाग आहे.