परिचारिकेचा डबा

अमेरिकेतील पुष्कळ शाळांत जेवणाची सुट्टी सर्वांना एकाच वेळी मिळत नाही. भोजनगृह लहान आणि मुले अनेक, म्हणून इयत्तावार पंगती बसतात. पहिली पंगत सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास बसते, तर शेवटची उठेपर्यंत एक वाजून जातो. हे दोन-अडीच तास परिचारिकेच्या खोलीत सर्वाधिक गर्दीचे असतात. टाइप-१ मधुमेह असलेले मूल जेवणापूर्वी येते. त्याच्या रक्तातील साखर पाहायची, ताटातील कर्बोदकांचा हिशेब मांडायचा आणि त्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरवायची. हे काम घाईने उरकण्यासारखे नाही. चंचलतेच्या विकारावरील सकाळच्या गोळीचा प्रभाव काही तासांत ओसरतो, म्हणून कित्येकांची दुसरी गोळी याच वेळी असते. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला मैदानावर जाण्यापूर्वी पंप हवा असतो आणि मैदानावरून परतणारे सोललेले गुडघे तर रोजचेच. भोजनगृहात एखाद्याच्या ताटात चुकून शेंगदाणा गेला, तर सर्व सोडून धावावे लागते. या साऱ्यात परिचारिकेचा स्वतःचा डबा टेबलावर अर्धा उघडा राहतो. सकाळी गरम केलेले अन्न दुपारी थंड खाल्ले जाते, किंवा तसेच घरी परत जाते.

या व्यवसायाचा आरंभच मुलांना शाळेत टिकवून ठेवण्यासाठी झाला. संसर्गजन्य रोग आढळला की मुलाला घरी पाठवायचे, एवढेच न्यूयॉर्कमधील वैद्यकीय तपासनीस करीत. मूल घरी बसे, उपचार होत नसत आणि शिक्षण तुटे. हेन्री स्ट्रीट वस्तीकेंद्राच्या लिलियन वाल्ड यांनी १९०२ मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेला एका महिन्याच्या प्रयोगासाठी चार शाळांत पाठविले. त्या शाळांत सुमारे दहा हजार मुले होती. रॉजर्स शाळेतच औषधपाणी करीत आणि घरी जाऊन मातांना स्वच्छता शिकवीत. वर्षभरात घरी पाठविल्या जाणाऱ्या मुलांची संख्या जवळजवळ दशांशावर आली आणि नगरपालिकेने आणखी परिचारिका नेमल्या. पुढे १९७० च्या दशकातील कायद्यांनी अपंग व दीर्घ आजारी मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकण्याचा हक्क दिला. तो न्याय्यच होता. त्याबरोबर परिचारिकेचे काम मात्र खरचटलेल्या गुडघ्यापासून अन्ननलिका, मूत्रनलिका आणि इन्सुलिन पंपापर्यंत येऊन पोहोचले.

कायदा या बाबतीत विचित्र आहे. मजुरांना जेवणाची सुट्टी दिलीच पाहिजे, असे अमेरिकेचा संघीय कायदा म्हणत नाही. परंतु सुट्टी दिली आणि तिचे वेतन कापले, तर कामगार त्या काळात कामातून पूर्णपणे मोकळा हवा, असे १९३८ च्या श्रममान कायद्याखालील नियम सांगतात. त्यासाठी साधारणतः तीस मिनिटे पुरेशी मानली आहेत. कचेरीत स्वतःच्या टेबलापाशीच बसून जेवणे ज्याला भाग पडते, तो कामातून मोकळा झालेला नाही, हेही त्या नियमांत स्पष्ट आहे. शाळेतील परिचारिकेचे चित्र याहून वेगळे काय असते? तथापि ठरावीक पगारावरील नोंदणीकृत परिचारिका बहुधा उच्चशिक्षित व्यावसायिकांच्या गटात गणली जाते आणि अधिक तासांच्या मोबदल्याचे संरक्षण तिला लाभत नाही. टेक्सासच्या शिक्षणसंहितेने वर्गशिक्षक आणि पूर्णवेळ ग्रंथपाल यांना किमान तीस मिनिटांची निर्वेध जेवणसुट्टी दिली आहे. ग्रंथपालाचे नाव आठवणीने घातले गेले, परिचारिकेचे त्या कलमात नाही.

जैन वाचकाला येथे तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवेल. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार उमास्वामींनी सांगितले, त्यांत बंध, वध, छेद यांच्या पंक्तीला अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन बसविले आहेत. शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि वेळेवर अन्नपाणी न मिळू देणे, हे मारझोडीच्याच जातीचे दोष मानले. बैल आणि गडी दोघांनाही ते लागू आहेत. निरोध करणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. शाळेत तर तो कोणाच्याच मनात नसतो. मुख्याध्यापक सज्जन असतात, शिक्षिका प्रेमळ असतात, प्रत्येक जण ‘एकच मिनिट’ मागतो आणि अन्न अडते. वैयावृत्त्याचे दाखले देऊन या उपाशीपणाची भलावण करण्याचा मोह मात्र टाळावा. वैयावृत्त्य हे अंतरंग तप आहे. ते करणाऱ्याने स्वेच्छेने करावे, संस्थेने दुसऱ्याच्या पगारातून करवून घेऊ नये. एकाशन आणि राहून गेलेले जेवण यांतही हाच भेद आहे.

न्यू जर्सीत डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या परिचारिकेचा दुपारचा डबा राहिला आणि शाळा सुटल्यावर एखाद्या पालकाची वाट पाहत आजारी मुलाजवळ बसावे लागले, तर त्या दिवशी तिचे अन्न सकाळच्या न्याहारीवरच भागते. तिने हे वर्षानुवर्षे निमूट सोसावे, यात व्रताचे गौरव नाही.

उपाय खर्चिकच असतात असे नाही. इन्सुलिनची मुले होऊन गेल्यावरची वेळ परिचारिकेच्या जेवणासाठी लेखी ठरवावी आणि ती सर्व शिक्षकांना कळवावी. त्या अर्ध्या तासात मलमपट्टीपुरते काम प्रथमोपचार शिकलेल्या लिपिकाने पाहावे. कमरेचा वॉकीटॉकी तेवढ्यापुरता मुख्याध्यापकांच्या हाती जावा, कारण तो कमरेला असेतो सुट्टी नावापुरतीच. श्वास कोंडणे, बेशुद्धी, झटका, मोठा रक्तस्राव, साखर एकाएकी उतरणे, एवढ्यासाठीच तिला उठवावे. डोके दुखते म्हणणारे मूल अर्धा तास थांबू शकते. पाणी पिऊन ते बहुधा बरेही होते. अडथळ्यांची वेळेसह नोंद ठेवावी. महिन्याभराची वही समोर ठेवली की दुसरी परिचारिका मागणे सोपे जाते.

आपल्याकडे शाळांत परिचारिका क्वचितच असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून तपासणीला येतात आणि जातात. समाजाच्या वसतिगृहांतून आणि गुरुकुलांतून मात्र तापाने फणफणलेल्या मुलांच्या उशाशी कोणी ताई, कोणी गृहमाता बसलेली असते. पंगत उठल्यावर ती कधी जेवते, हे विश्वस्तांच्या पुढील सभेत विचारता येईल.