संकटसमयीचा धीर

'भिऊ नका' असे सांगणे सोपे आहे. परंतु माथ्यावर वीज कडाडत असता उघड्या शेतात उभ्या असलेल्या मनुष्यास त्या सांगण्याचा कवडीइतकाही उपयोग होत नाही. भीती ही प्राणिमात्रास रक्षणार्थ मिळालेली आहे, आणि जो तिला मुळीच ओळखत नाही तो शूर नसून बेसावध होय. प्रश्न एवढाच की, भीती वाटल्यावर आपल्या हातून काय घडते. आमच्या शेतकरी बंधूंनी या प्रश्नाचा विचार संकट येण्यापूर्वीच करून ठेवावा, म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत.

आमची उमेद महसुली कारकुनीत गेली. वीज पडून किंवा पुरात कोणी दगावला म्हणजे तलाठ्याचा पंचनामा तहसील कचेरीत येतो व वारसांच्या साहाय्याचे प्रकरण कारकुनाच्या मेजावर उभे राहते. असे कागद चाळता चाळता एक गोष्ट आमच्या मनावर ठसली. मृत्यूचे कारण एका शब्दात लिहिलेले असते. परंतु खरी हकीकत त्याच्या आधीच्या अर्ध्या घटकेत घडलेली असते. कोणी अंग भिजू नये म्हणून एकट्या झाडाखाली गेलेला असतो. कोणी पुढची मोटारसायकल पार झाली म्हणून आपलीही पाण्याखालच्या फरशीवर घालतो. कोणी गोठ्यातील बैल आठवून ओढ्यात परत फिरतो. यांपैकी भित्रा एकही नसतो. विचार करण्यास त्या वेळी अवकाश नसतो, आणि आधी केलेला विचार पदरी नसतो, इतकेच.

दुसऱ्याचे कशाला, आमचीच फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी कपाशीस रात्री पाणी देत असता आमच्या पायास काही डसले. विजेरीच्या उजेडात सरपटत जाणारे अंग दिसले मात्र, आणि आम्ही बांधावरून गावाच्या दिशेने पळत सुटलो! ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे पंचनामे वाचले त्याची ही स्थिती. आमच्या सालगड्याने मागून येऊन आम्हांस धरले व म्हणाला, "अण्णा, आधी खाली बसा. पाय हलवू नका." त्याने पायाला फळी लावून उपरण्याने सैलसर गुंडाळली, मुलास फोन केला आणि गाडी येईपर्यंत आम्हांस बोलते ठेवले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्रभर नजरेखाली ठेवल्यावर दंश बिनविषारी ठरला. घोणस असती तर आमच्या त्या धावण्याने विष अंगात लवकर भिनले असते. सालगडी आमच्याहून शूर होता असे नव्हे. आरोग्यसेविकेने गावात सांगितलेले त्याने लक्ष देऊन ऐकले होते, आणि असे झाले तर काय करावयाचे हे मनाशी ठरविले होते. धीर म्हणतात तो बहुधा असा आगाऊ ठरविलेला असतो.

तेव्हा काय ठरवावे? सर्पदंशाचे वर आलेच. त्यात एवढे जोडावे की, दंशाच्या जागी चिरा देऊ नये, आवळून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये, सापाच्या मागे लागू नये. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही जातींवर चालते. साप धरून नेण्याची गरज नाही. 108 क्रमांक घरातील लहान पोरासही पाठ असावा.

विजेचे भय आपल्या जिल्ह्यात वळवाच्या व परतीच्या पावसात अधिक. चमक दिसताच अंक मोजू लागावे. आवाजास एक किलोमीटर येण्यास सुमारे 3 सेकंद लागतात. 30 मोजण्याच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम टाकून पक्क्या घरात जावे व शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नये. घर जवळ नसेल तर झाड, खांब व तारेचे कुंपण सोडून सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. मोजण्याचा दुसरा लाभ असा की, मोजणारे मन सैरभैर होत नाही. श्वास घेण्यास लागतो त्याहून अधिक वेळ तो सोडण्यास लावला तर छातीची धडधडही उतरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइलवरील साधन विजेची पूर्वसूचना देते. तेही घरात असावे.

पाण्याविषयी आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. सन 1989 च्या जुलैत बिंदुसरेने बीड शहरात केलेला कहर वडील मंडळींस स्मरत असेल, आणि सन 2025 च्या सप्टेंबरातील गोदावरी व सिंदफणेचे पूर तर लहानथोर सर्वांनी पाहिले. वाहते पाणी गुडघाभर असले तरी मनुष्याचा पाय उचलते. फरशीवरून पाणी जात असेल तर अलीकडच्या गावी मुक्काम करावा. नुकसान होते ते एका रात्रीचे.

यावर कोणी म्हणेल, "जनावरे दावणीला असता मालकाने अलीकडे कसे थांबावे?" हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. बैल म्हणजे घरचा माणूस, आणि सन 2025 च्या पुरात कित्येक जनावरे दाव्यालाच मेली. परंतु याचेही उत्तर मध्यरात्रीच्या पाण्यात सापडत नाही, संध्याकाळच्या उजेडात सापडते. नदीकाठच्या गोठ्यातील जनावरे पाऊस चढताच उंचवट्यावर न्यावी. ते न साधल्यास दावी मोकळी सोडावी. मोकळे जनावर पोहून निघण्याचा संभव असतो, बांधलेल्यास तो नाही. 'नशिबी असेल ते होईल' असे म्हणणारा गृहस्थही पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासून पाहतोच. मग जिवाच्या बाबतीत तेवढी तजवीज का नसावी?

आमची सूचना लहानशी आहे. मृग निघण्यापूर्वी प्रत्येक घराने एक संध्याकाळ बसावे. पाणी चढले तर कोणी कोठे जावयाचे, दावी कोणी सोडावयाची, म्हातारीला कोणी उचलावयाचे, हे नावानिशी ठरवावे व मुलांकडून वदवून घ्यावे. सालगडी व त्याची बायकापोरे यांसही त्या बैठकीस बसवावे. आमच्या बाबतीत कामी आले ते त्याचेच शहाणपण!