आईच्या रकान्यात ‘निरंक’

‘मी होळीला राहतो’ असे वसईत सांगितले तर कोणाला काही वाटत नाही. पण ऑफिसात नवा आलेला एखादा सहकारी हमखास विचारतो, “होळीला वसईत, मग बाकी वर्षभर कुठे?” त्याला समजावून सांगावे लागते, की बाबा रे, होळी हे वसई गावातल्या एका भागाचे नाव आहे. तिथे बाजार आहे, वस्ती आहे आणि आमचे बिऱ्हाड गेली चाळीसएक वर्षे तिथेच आहे.

हे बिऱ्हाड वसईला आले ते गिरणी संपामुळे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत माझे वडील होते. मी तेव्हा दोन वर्षांचा. संप मिटला असे कोणी कधी जाहीर केलेच नाही. आधी घरातला तांब्याचा हंडा मोडला, मग आईच्या कानातली फुले मोडली, शेवटी परळची खोली सुटली आणि आम्ही वसईत भाड्याच्या दोन खणांत आलो. वडिलांना पुढे एका गोदामावर रखवालदारी मिळाली. त्यांचा पगार किती, हे आम्हा तिन्ही भावंडांना पाठ होते, कारण शाळेच्या, रेशनच्या, प्रत्येक कागदावर तो लिहावा लागे. आईविषयी मात्र कोणत्याही कागदावर काही लिहावे लागत नसे.

आईचा दिवस पहाटे चारला सुरू होई. नळाला पाणी तासभरच असायचे. हंडे, कळश्या, पिंप भरून झाले की ती स्टोव्हला पंप मारी. वडिलांना एस.टी.ने वसई रोड स्टेशन गाठून पुढे लोकल पकडायची असे, म्हणून त्यांचा डबा सहाच्या आत तयार लागे. मग आमच्या शाळा, धुणी, भांडी, आणि त्यात अंथरुणाला खिळलेली आजी. आजीचे अंग पुसणे, तिला भरवणे, कूस बदलून देणे हे चार वर्षे आईने केले. रॉकेल आले अशी बातमी लागली की हातातले काम टाकून ती डबा घेऊन रांगेत उभी राही. मे महिन्यात आगोटीची तयारी असायची. होळीच्या बाजारात कोळणींशी घासाघीस करून ती सुके बोंबील, जवळा आणी, उन्हं दाखवून डब्यांत भरून ठेवी. जुलैच्या पावसात भाजी परवडेनाशी झाली की तो डबा उघडायचा. दुपारी दोन घटका मिळाल्या तर जुन्या लुगड्यांची गोधडी हातात असे.

संध्याकाळी आम्ही पाढे म्हणत बसायचो आणि ती भाकऱ्या थापत असायची. ती शाळेत फारशी गेलेलीच नव्हती. पण आमचा पाढा अडखळला की तव्यावरची नजर न काढता ती म्हणायची, “परत म्हण.” बरोबर काय नि चूक काय हे तिला कळत नसे. अडखळणे तेवढे कळत असे. माझे गणित पक्के झाले ते त्या दोन शब्दांमुळे, असे मी आजही मानतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. १९९९ साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. फी-माफीचा अर्ज भरायचा होता. त्यात वडिलांचा व्यवसाय, वडिलांचे उत्पन्न, आईचा व्यवसाय, आईचे उत्पन्न असे रकाने होते. मी भराभर लिहीत होतो. आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिने विचारले, “माझं काय लिहिलंस?”

“निरंक.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नाही.”

“बरं,” आई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. अर्जासोबत भरायचे पैसे तिनेच त्या तांदळाच्या डब्यातून काढून दिले होते. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

गंमत अशी की त्याच वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा एक दाखला शिकलो होतो. एखाद्या माणसाने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी लग्न केले, तर देशाचे राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने कमी होते. घर तेच, बाई तीच, कामही तेच. फक्त पगार थांबला म्हणून हिशेबातून काम गायब! १९२० साली आलेल्या त्याच्या पुस्तकाची ही गोष्ट मी परीक्षेत व्यवस्थित लिहून आलो. पण ती आपल्याच घरात घडते आहे, हे कळायला मला पुढे वीस-पंचवीस वर्षे लागली.

वाचक बंधु-भगिनींनो, ते कसे कळले ते सांगतो. दर रविवारी संध्याकाळी मी आमच्या वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो. दाखले, शिष्यवृत्ती, पेन्शन, असे काहीबाही असते. काही महिन्यांपूर्वी पलीकडच्या आळीतले एक गृहस्थ आले. रस्ता ओलांडताना टेम्पोची धडक बसून त्यांची पत्नी गेली होती. वय अडतीस. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी वकिलांनी माहिती लिहून मागितली होती. “भाऊ, तुम्हीच लिहा,” ते म्हणाले. मी लिहीत गेलो. मृताचे नाव, वय, पत्ता. व्यवसाय : निरंक. मासिक उत्पन्न : निरंक. लेखणीला सवयच लागलेली.

दुसऱ्या दिवशी वकिलांचा फोन आला. “तुम्ही कॉमर्सचे ना? मग हे शून्य कुठून आणलंत?”

त्यांनी जे समजावले ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे, म्हणून येथे देतो. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक स्त्रिया व मुले गेली. त्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या घरकामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०१० सालच्या दुसऱ्या एका प्रकरणात खालच्या न्यायाधिकरणाने एका गृहिणीच्या मृत्यूची भरपाई ६ लाख रुपये काढली होती, पण ती कमावती नव्हती म्हणून ती अडीच लाखांवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने ६ लाख पुन्हा मंजूर केले. त्याच निकालात न्यायालयाने २००१ च्या जनगणनेवरही बोट ठेवले. घरकाम करणाऱ्या सुमारे ३६ कोटी स्त्रियांना ‘काम न करणाऱ्या’ ठरवून भिकारी आणि कैदी यांच्या पंगतीला बसवले होते! जानेवारी २०२१ च्या निकालात गृहिणीचे उत्पन्न मानीव धरलेच पाहिजे हे न्यायालयाने पुन्हा सांगितले. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तर असे म्हटले की गृहिणीचे उत्पन्न रोजंदारीच्या मजुरापेक्षा कमी धरता येणार नाही.

म्हणजे मी लिहिलेला ‘निरंक’ हा शब्द त्या कुटुंबाच्या मुळावर आला असता.

वकील म्हणाले, “ती बाई दिवसभर काय काय करत होती, त्याची यादी करून आणा.” मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांना विचारले. “घरचंच करायची,” ते म्हणाले. घरचे म्हणजे काय? पाणी किती वाजता येते? गॅस किती दिवस पुरतो? म्हातारीला कोणती गोळी कधी द्यायची? त्यांना काही सांगता येईना. माणूस वाईट नाही, बिचारा रडवेला झाला होता. शेवटी आतून त्यांची मुलगी आली. नववीत आहे. तिने एकेक करून सांगायला सुरुवात केली आणि माझे दोन पानभर कागद भरले.

मी विचारले, “बाळा, तुला एवढं सगळं कसं ठाऊक?”

“आता मीच करते ना, काका.”

तिच्या वर्गशिक्षिकेकडे चौकशी केली, तर महिन्याभरात ती जेमतेम आठ-दहा दिवस शाळेत गेली होती. मोठा भाऊ कॉलेजला नियमित जात होता. त्याचा एकही दिवस बुडाला नव्हता.

मला वाटते, घरकामाची किंमत विचारणाऱ्याने फक्त एवढेच बघावे. ‘काही करत नव्हती’ ती बाई गेली, तर तिच्या जागी काही करण्यासाठी एका मुलीची शाळा सुटायची वेळ येते. जे काम नव्हतेच, ते बंद पडल्यावर एवढे कसे अडते?

सरकारी आकडेही तेच सांगतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे थोडे पुरुष घरकामाला हात लावत होते, त्यांची सरासरी ९७ मिनिटे. आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच होते. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ झाली. पुरुषांचीही कमी होऊन ८८ वर आली. ही पाच तासांची सरासरी आहे. आजारी सासू आणि तासभराचा नळ ज्या घरात आहे, तिथला हिशेब वेगळाच.

आपल्या समाजाला तरी ही गोष्ट नवी वाटू नये. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा मुंबईत घर चालवले ते रमाईंनी. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या त्या संसारात त्यांनी चार लेकरे गमावली. त्यांना पगार नव्हता, पद नव्हते. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पण काही वर्षांनी बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला आणि त्यांचे ऋण छापील पानावर नोंदवले. आपण रमाईंची जयंती करतो, भाषणे करतो. घरी आल्यावर ताट मात्र जागेवर टाकून उठतो.

असो. त्या घराचे पुढे काय झाले ते सांगतो. मी, त्या मुलीची शिक्षिका आणि वस्तीतल्या दोन वडीलधाऱ्या बाया असे आम्ही एका रात्री बाप-लेकांसमोर ती दोन पानांची यादी ठेवली. ‘यातले कोण काय करणार ते लिहा,’ एवढेच म्हटले. मुलगा आधी रागावला. मित्र हसतील म्हणाला. मग एका मावशींनी त्याला विचारले, “डबा खाताना हसतात का रे?” आता पाणी भरणे आणि भांडी त्याच्याकडे आहेत. वडील सकाळचा भात-आमटी करतात. कधी करपते, कधी खारट होते. म्हातारीच्या गोळ्यांचा कागद भिंतीला चिकटवला आहे. मुलगी शाळेत जाते. संध्याकाळची भाकरी अजून तिच्याकडेच आहे. तेवढे आम्हाला जमलेले नाही. दावा चालू आहे.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. अर्ज भरताना आईच्या, पत्नीच्या नावापुढे ‘निरंक’, ‘काही नाही’ असे लिहू नका. ‘गृहिणी’ लिहा. ती घरी बसून शिवण, पापड, मण्यांच्या माळा असे काही करून चार पैसे मिळवत असेल, तर जनगणनेच्या माणसाला तेही स्पष्ट सांगा. ‘ती घरीच असते’ म्हणून दार लावून घेऊ नका. आणि दुसरे, आपल्या घरातली यादी एकदा कागदावर उतरवा. आणि ती अपघातानंतर नको, आजच उतरवा. ती उतरवताना घरातल्या पुरुषांना जे माहीत नसेल, ते काम त्यांच्याकडे आधी द्या.

मी हे घरापासून सुरू केले. आई आता सत्तरीची आहे. गुडघे धरलेत, पण सकाळी लवकर उठायची सवय सुटलेली नाही. एका रात्री मी वही घेऊन तिच्यापाशी बसलो आणि म्हटले, “तू तेव्हा दिवसभर काय काय करायचीस, सांग. लिहून घेतो.” १९९९ च्या त्या अर्जाचीही आठवण काढली. चूक झाली म्हटले. तिला तो अर्ज आठवत नव्हता, की आठवत नाही असे ती म्हणाली, कोण जाणे.

पाणी, डबे, आजी, रॉकेल, आगोट, असे ती सांगत गेली. मध्येच थांबली आणि तिने विचारले, “त्या पलीकडच्या आळीतल्या पोरीचं काय झालं? शाळेत जाते ना रोज?”

“जाते.”

“रोज?”

मी जरा अडखळलो. गेल्या आठवड्यात चौकशी करायची राहून गेली होती.

“उद्या जाऊन बघून ये,” आई म्हणाली. “मग लिही माझं.”