बॅटरीवर आळ घेण्याआधी

जुनी मोटारसायकल अडली की आपल्याकडे पहिला आळ बॅटरीवर येतो. नवी बॅटरी बसते, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी हॉर्न पुन्हा गप्प. पैसे गेले, दोष जागेवरच. कानी आलेल्या खबरीची आधी खातरजमा करा, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. ती माणसांच्या बाबतीत आहे. पण तपासाआधी ठपका ठेवू नये, ही सवय गॅरेजातही कामी येते, असे आम्हांला वाटते.

आपल्या मोहल्ल्यांत अजून धावणाऱ्या जुन्या सीडी १००, स्प्लेंडर यांसारख्या किकच्या गाड्यांत विजेच्या दोन वाटा असतात. प्लगची ठिणगी आणि हेडलाइट यांना वीज थेट मॅग्नेटोच्या कॉइलमधून मिळते. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा बॅटरीवर चालतात. म्हणून बॅटरी पार उतरली तरी अशी गाडी किक मारून सुरू होते. तेव्हा आधी पाहावे, बंद काय काय आहे? हॉर्न, इंडिकेटर एकदमच गेले असतील तर फ्यूज, बॅटरी आणि अर्थिंग तपासावे. ठिणगीच नसेल तर प्लग, कॉइल, सीडीआय बघावे; तिथे बॅटरी बदलून काही होणार नाही.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर सोलून चेसिसला लागते आहे. तिथे तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळणे म्हणजे पेट्रोलच्या टाकीखाली आगीला दावत देणे.

काही शे रुपयांचा मल्टिमीटर घरात असावा. बंद गाडीत चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे. गाडी सुरू करून थोडी रेस द्यावी. आकडा साधारण १३.५ ते १४.५ झाला तर चार्जिंग ठीक. वाढलाच नाही तर चार्जिंगची कॉइल, तिचे जोड किंवा रेग्युलेटर बघावा. १५ च्या वर गेला तर बहुधा रेग्युलेटर बिघडला आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी लवकर आटते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी वरचेवर पाहावीच.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंदावतो? अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट करावा. हँडल वळवले की हॉर्न तुटतो? मानेजवळ वायर आतून तुटलेली असते. हात घालण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा.

अमरावती ते अकोला दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला, वेगही वाढला. मूर्तिजापूरजवळच्या अंधारात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपला लाल दिवाच सांगतो की पुढे माणूस आहे. त्या गाडीवर मागे अम्मी असतात, पुढे टाकीवर लेकरू असते. घरच्यांची जान आपल्याकडे अमानत आहे. म्हणून आमचे म्हणणे एवढेच : गाडीवर बसण्याआधी दिवे, ब्रेकलाइट, हॉर्न पाहून घ्यावेत. दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते मुलांना व मुलींनाही शिकवावे.