विजेची दुचाकी : नवी कीं वापरलेली?

पेट्रोलच्या खर्चास कंटाळलेल्या कुटुंबांत हल्लीं विजेच्या दुचाकीचा विषय निघतो, आणि लागलीच दुसरा प्रश्न उभा राहतो : नवी घ्यावी, कीं कोणाची वापरलेली निम्म्या किंमतीस मिळते ती पत्करावी? काटकसर हा गृहस्थाश्रमाचा अलंकार खरा. परंतु स्वस्त आणि किफायतशीर हे शब्द समानार्थी नव्हेत, हें आम्हांस वाचकांच्या नजरेस आणावयाचें आहे.

पेट्रोलची जुनी गाडी घेतांना आपण इंजिनाचा आवाज ऐकतों, धूर पाहतों. विजेच्या गाडीस ना तो आवाज, ना धूर. तिची मोटर फारशी झिजत नाहीं. झिजते ती बॅटरी. लिथियमची बॅटरी दर वेळीं भरतांना व रिकामी होतांना किंचित् क्षीण होते. नुसती पडून राहिली तरी वयोमानानें तिचें बळ ओसरतें, आणि उष्णता तर तिला विशेष बाधते. बाहेरचा रंग मात्र चकचकीतच राहतो! सारांश, जुनी गाडी घेणें म्हणजे वस्तुतः जुनी बॅटरी घेणें होय.

यासाठीं हिशेब असा मांडावा. समजा, नवी गाडी १,००,००० रुपयांस व जुनी ५०,००० रुपयांस मिळते, आणि नव्या बॅटरीस ४०,००० रुपये पडतात. बॅटरी लवकरच बदलावी लागली, तर जुनी गाडी ९०,००० रुपयांस पडली. १०,००० रुपये वांचले खरे. पण गाडी जुनी ती जुनीच. उलटपक्षीं, बॅटरीची हमी आणखी ३ वर्षें शिल्लक असून ती नव्या मालकाच्या नांवें होत असेल, तर जुनी गाडी अवश्य घ्यावी.

पैशाहून मोठी गोष्ट जिवाची. इ. स. २०२२ च्या उन्हाळ्यांत आपल्या देशांत अशा कित्येक दुचाकींस आगी लागल्या, माणसेंही दगावलीं. त्यानंतर सरकारनें बॅटरीच्या परीक्षेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं अमलांत आले. त्यापूर्वीं घडविलेल्या गाडीविषयीं अधिक सावध असावें. आणि कोठें तरी उघडून दुरुस्त केलेली बॅटरी तर घरांत मुळींच आणूं नये.

ताशीं २५ किलोमीटरांच्या आंत चालणाऱ्या, २५० वॅटपर्यंतच्या गाडीस सरकारी नोंदणी लागत नाहीं. म्हणून तिचें वय कळण्यास मूळ पावतीच मागावी. बॅटरी पूर्ण भरून गाडी किती किलोमीटर जाते, हें पाहूं देण्यास मालक कांकूं करील, तर सौदा मोडावा. जिच्यावर उद्यां आपला मुलगा किंवा सून कामावर जाणार, तिचें वय आणि बळ पारखतां येत नसेल, तर ती निम्म्या किंमतीसही महागच. तेथें चार महिने थांबून नवी घेणें, हीच आमच्या मतें खरी काटकसर.