चार मीटरची समृद्धी

मोटार नसलेल्या मुलाला आजकाल कोणी मुलगी द्यायला तयार होत नाही, अशा आशयाचे उद्गार कर्नाटकचे उपमुख्यमंत्री म्हणून बोलताना डी. के. शिवकुमार यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये काढले. प्रसंग लग्नकार्याचा नव्हता. बंगळूर शहराच्या पोटातून हेब्बाळ ते सिल्क बोर्ड असा पावणेसतरा किलोमीटरच्या आसपासचा भुयारी रस्ता काढण्याच्या योजनेचे समर्थन चालले होते. सतरा हजार कोटी रुपयांहून अधिक अंदाजित खर्चाच्या या योजनेवर चहूबाजूंनी टीका होऊ लागताच मोटार ही आता सामाजिक निकड बनली आहे, हा मुद्दा पुढे करण्यात आला. वृत्तपत्रांनी ते वाक्य विनोद म्हणून छापले, भारतीय जनता पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्याची टिंगल केली आणि विषय संपला. वास्तविक तो तेथे संपायला नको होता. शासक वर्गाचे वाहतूकविषयक धोरण इतक्या निखळ स्वरूपात क्वचितच बाहेर पडते. मोटारीवाचून जगणे अवघड व्हावे अशी परिस्थिती आधी आपणच निर्माण करायची, मग त्या अडचणीला लोकरूढी म्हणायचे, आणि त्या रूढीचा मान राखण्यासाठी सार्वजनिक तिजोरी मोकळी करायची, असा हा सारा व्यवहार आहे.

केंद्रातील सरकारचा व्यवहारही याहून निराळा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के अधिक उपकर होता तो १८ टक्क्यांवर आणण्यात आला आणि पंतप्रधानांनी त्या पर्वाला ‘बचत उत्सव’ असे नाव दिले. सात-सात वर्षांचे कर्ज डोक्यावर घेण्याच्या क्रियेला बचत म्हणणे हा भाषेवरील अत्याचार आहे. पण बूर्झ्वा वृत्तपत्रांना त्यात काही वावगे वाटले नाही. दसरा-दिवाळीत किती गाड्या खपल्या याचे आकडे पहिल्या पानावर झळकले आणि त्यांनाच देशाच्या भरभराटीचा पुरावा ठरविण्यात आले. बसगाड्यांवरील करही त्याच वेळी तेवढाच कमी झाला, ही गोष्ट खरी आहे. पण बस विकत घेणार कोण? ज्या परिवहन महामंडळांची तिजोरी सरकारांनीच कोरडी पाडली आहे, त्यांना स्वस्ताईचे आमंत्रण देणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणाच्या ताटावर सवलत देण्यासारखे आहे.

‘छोटी एसयूव्ही’ या नावाने जी गाडी आज बंगळूरच्या गल्लोगल्ली दिसते, तिचा जन्मच मुळी करखात्याच्या फूटपट्टीवर झाला. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. ‘छोटी’ म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० घनसेंटिमीटरच्या, डिझेलचे असल्यास १५०० च्या आत. ही सवलत सर्वसामान्यांना परवडणाऱ्या लहान गाडीसाठी, असे तेव्हा सांगण्यात आले. कारखानदारांनी त्या चौकटीत काय बसविले ते पाहण्यासारखे आहे. २०१३ मध्ये फोर्डची ‘इकोस्पोर्ट’ आली, २०१६ मध्ये मारुतीची ‘विटारा ब्रेझा’, २०१७ मध्ये टाटांची ‘नेक्सॉन’, २०१९ मध्ये ह्युंडाईची ‘व्हेन्यू’, २०२० मध्ये कियाची ‘सोनेट’. यांतील ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू आणि सोनेट या चारही गाड्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे! चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. चार स्पर्धक कंपन्यांचे अभियंते एकाच आकड्यावर येऊन थांबतात, तेव्हा तो आकडा अभियांत्रिकीतून निघालेला नसतो. लहान मोटारीचाच सांगाडा थोडा उंच उचलायचा, पुढे रुंद तोंड बसवायचे, मागची शेपूट छाटायची आणि जाहिरातीत ती लडाखच्या खिंडीत उभी करायची. यांतल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ओढ पुढच्या दोनच चाकांना असते, ही गोष्ट जाहिरात सांगत नाही. (ही लाट आणणारी फोर्ड कंपनी स्वतः सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याची घोषणा करून मोकळी झाली. चेन्नईजवळच्या आणि साणंदच्या कामगारांना ‘समृद्धी’चा हा दुसरा अध्याय पाठ आहे.)

मग बंगळूरचा नोकरदार ही गाडी का घेतो? केवळ जाहिरातीला भुलून, असे उत्तर देणाऱ्यांनी त्या शहरातील एखादी संध्याकाळ बसथांब्यावर काढावी. एक कोटीहून अधिक नोंदलेली वाहने, त्यांत वीस लाखांहून अधिक मोटारी, आणि सव्वा कोटीहून मोठ्या वस्तीसाठी महानगर परिवहन महामंडळाच्या सुमारे सात हजार बसगाड्या, असा हा हिशेब आहे. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीप्रमाणे शहरात दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटांहून अधिक वेळ लागत होता; पुणेकरांनी हसू नये, त्यांचा आकडा ३३ मिनिटांचा होता. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. कष्टकरी स्त्रियांसाठी ही मोलाची गोष्ट झाली यात शंका नाही. परंतु गर्दीच्या मानाने गाड्या वाढल्या नाहीत, आणि जानेवारी २०२५ मध्ये इतरांच्या भाड्यात १५ टक्के वाढ झाली. पुढच्याच महिन्यात मेट्रोचे भाडे वाढले, कमाल तिकीट साठ रुपयांवरून नव्वदवर गेले. केंद्राने राज्याकडे बोट दाखविले, राज्याने केंद्राकडे. तिकीट मात्र प्रवाशानेच काढले. इलेक्ट्रॉनिक्स सिटीकडे जाणाऱ्या पिवळ्या मार्गाचे बांधकाम होऊनही तो रखडला, कारण धावायला गाड्याच नव्हत्या! चिनी कंपनीला २०१९ मध्ये दिलेल्या कंत्राटाची वाट पाहत रूळ पडून राहिले आणि हा मार्ग १० ऑगस्ट २०२५ ला कसाबसा सुरू झाला. याच शहरात बीईएमएल हा सार्वजनिक कारखाना आहे. मेट्रोचे डबे बांधण्याचे कौशल्य त्याच्या कामगारांनी आधीच सिद्ध केलेले आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये त्या कारखान्यातील हिस्सा विकण्यासाठी बोली मागविल्या.

जुन्या बंगळूरचे चित्र वेगळे होते. एचएमटी, एचएएल, बीईएल, आयटीआय या सार्वजनिक कारखान्यांच्या बसगाड्या पाळीच्या वेळेला वस्तीवस्तीतून कामगारांना घेऊन जात. कामावर पोचविणे ही जबाबदारी काम घेणाऱ्याची आहे, हे तत्त्व त्या गाड्यांत गृहीत होते. १९८०-८१ च्या हिवाळ्यात याच कारखान्यांतील कामगारांनी ७७ दिवसांचा संप लढविला. एका बसने जाणारे कामगार एकत्र विचारही करतात, हे मालकांना तेव्हा कळून चुकले असावे. आजच्या नोकरदाराला कारखान्याची बस नाही. घर परवडते ते शहराच्या कडेला, काम दुसऱ्या कडेला, घरात म्हातारे आईवडील, रात्रीच्या पाळीवरून परतणारी पत्नी किंवा बहीण. कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्या तरुणाला गणपती-दिवाळीला गावी जायचे तर रेल्वेत जागा नाही आणि खासगी बसचे भाडे सणाच्या मुहूर्तावर दुप्पट-तिप्पट. अशा माणसाने गाडी घेतली की त्याला ‘चंगळवादी’ म्हणून हिणवणारे काही पुरोगामी मित्रही आढळतात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असला हा प्रकार आहे. तहानलेल्याने विकतचे पाणी प्यायले म्हणून त्याला उधळ्या म्हणायचे नसते; सार्वजनिक नळ कोणी बंद केला हे विचारायचे असते.

आता या ‘मालकी’कडे पाहू. गाडीच्या नोंदणीपत्रावर मालक म्हणून नोकरदाराचे नाव असते आणि त्याखाली नजरगहाण म्हणून बँकेचे. दहा लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता १६ हजारांच्या वर जातो आणि मुदतीअखेर साडेतीन लाख रुपये निव्वळ व्याजापोटी गेलेले असतात. विमा व्यवसायाच्या प्रचलित कोष्टकाप्रमाणे पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरली जाते. त्या दिवशी बँकेचे साडेतीन लाख अजून यायचे असतात. कर्नाटक सरकारचा आजीव पथकर पाच ते दहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर १४ टक्के, दहाच्या वर गेल्यास १७ टक्के आणि त्यावर उपकर; म्हणजे नऊ लाखांच्या गाडीवर सव्वा लाखाच्या वर रक्कम रस्त्याचे तोंड पाहण्यापूर्वीच भरायची. जून २०२४ मध्ये राज्याने विक्रीकर वाढवून पेट्रोल लिटरमागे तीन रुपयांनी महाग केले. केंद्राने एका हाताने दिलेली सवलत राज्य, बँक, विमा कंपनी आणि तेल कंपनी मिळून कशी वसूल करतात, याचा ताळा ज्याचा त्याने आपल्या पगारपत्रकावर घालून पाहावा.

१८७२ मध्ये एंगल्स यांनी लाइपझिगच्या ‘फोल्क्सस्टाट’ पत्रात घरांच्या प्रश्नावर जी लेखमाला लिहिली, तिची येथे आठवण होते. प्रत्येक कामगाराला स्वतःच्या घराचा मालक करा म्हणजे प्रश्न सुटेल, असे सांगणाऱ्या सुधारकांना त्यांनी दाखवून दिले की, कर्जाने घेतलेल्या घरामुळे कामगार भांडवलदार होत नाही. उलट तो एका जागी आणि एका मालकाशी जखडला जातो, आणि मजुरी कापली गेली तरी प्रतिकार करण्याची त्याची ताकद घटते. घर आणि मोटार यांत फरक आहे. घराची किंमत निदान टिकते. पण जखडण्याचे कार्य मोटारही तितक्याच चोखपणे बजावते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कामाचा दिवस १४ तासांपर्यंत ताणण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा केआयटीयू या त्या क्षेत्रातील कर्मचारी संघटनेने आवाज उठविला आणि सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. ज्यांच्या पगारातून दर महिन्याच्या पाच तारखेला तीन-तीन हप्ते कापले जातात, त्यांना अशा लढ्यात उतरविणे किती कठीण असते हे संघटनेच्या कार्यकर्त्यांना विचारावे. मालकवर्गाला हे ठाऊक नाही असे समजणे भाबडेपणाचे होईल.

आणि ही गाडी करतो कोण? बंगळूरपासून तासाभराच्या अंतरावर बिडदी येथे टोयोटा किर्लोस्करचा कारखाना आहे. किर्लोस्करांचे नाव मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. वाढत्या कामाच्या बोजाविरुद्ध तेथे ९ नोव्हेंबर २०२० रोजी असंतोषाला तोंड फुटले. संघटनेच्या पदाधिकाऱ्याचे निलंबन, कामगारांचे धरणे, दुसऱ्याच दिवशी टाळेबंदी, असा घटनाक्रम होता. लढा मार्च २०२१ पर्यंत चालला. त्या वेळी राज्यात सरकार भाजपचे होते. आज भुयाराच्या प्रश्नावर सार्वजनिक वाहतुकीचा कैवार घेणाऱ्यांनी ही नोंद आपल्या वहीत करून ठेवावी. ऑगस्ट २०२२ पासून त्याच बिडदीत ‘अर्बन क्रूझर हायरायडर’ ही चार मीटरहून थोडी लांब एसयूव्ही तयार होऊ लागली.

महाराष्ट्रातले उदाहरण याहून बोलके आहे. जनरल मोटर्सने तळेगाव येथील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद केले आणि पुढील एप्रिलमध्ये चौदाशेच्या आसपास कामगारांना कपातीच्या नोटिसा दिल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंडाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. करारात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रसामग्री होती, माणसे नव्हती. नव्या मालकाने आपल्याला कामावर घ्यावे म्हणून कामगारांनी उपोषणे केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये बाजारात आलेली नवी ‘व्हेन्यू’ त्याच तळेगावात बनते. बंगळूरच्या दालनात फुगे लावून, हार घालून, किल्लीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती हातात देऊन जी गाडी गिऱ्हाइकाच्या स्वाधीन केली जाते, तिच्यामागे ही कपात आहे. हप्ते भरणारा आणि नोटीस मिळालेला हे एकाच वर्गाचे दोघे आहेत. त्यांची भेट मात्र होत नाही.

भुयाराच्या प्रश्नावरही हीच वर्गीय रेषा स्पष्ट दिसते. योजनेप्रमाणे त्यात दुचाकींना प्रवेश नाही, आणि मोटारवाल्यालाही पथकर भरल्याशिवाय नाही. शहरातील वाहनांपैकी बहुसंख्य वाहने दुचाकी आहेत, म्हणजे त्या वाहनांवरून कामाला जाणारा कामगार, फिरता विक्रेता, पार्सल पोचविणारा मुलगा वरच्या धुरातच राहणार. आणि छोट्या एसयूव्हीचा हप्तेकरी मालक रोज जाताना-येताना पथकर भरील की वरच्याच कोंडीत उभा राहील, हे त्याच्या महिनाअखेरीवर ठरेल.

बसवर पैसा खर्च करायची वेळ येते तेव्हा मात्र दोन्ही सरकारांची भाषा बदलते. बंगळूरला विजेवर चालणाऱ्या ९२१ बसगाड्या आल्या त्या टाटा मोटर्सच्या, बारा वर्षांच्या कंत्राटावर. गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, महामंडळाकडे फक्त वाहक. नेक्सॉन विकणारेही तेच घराणे आणि बस चालविणारेही तेच. प्रवासी कोणत्याही दाराने गेला तरी गल्ला एकच. महामंडळाच्या कामगारांनी एप्रिल २०२१ मध्ये सरकारी वेतनश्रेणीसाठी संप केला, तेव्हा बडतर्फीचे आदेश निघाले. ३८ महिन्यांच्या वेतनवाढीची थकबाकी मिळावी म्हणून ५ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांनी पुन्हा संप पुकारला. उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे तो त्याच दिवशी मागे घ्यावा लागला. या थकबाकीचा विषय निघाला की राज्य सरकार तिजोरीची अडचण सांगते. भुयाराची निविदा काढताना ती अडचण कोणाला आठवली नाही.