खिडकी बघणाऱ्याची!

एसटीत खिडकी मिळवण्याचं शास्त्र आम्ही सोलापूरकर आईच्या पोटातच शिकून येतो. गाडी फलाटाला लागायच्या आत बाहेरून रुमाल टाकायचा, की जागा आपली! पुढे भांडण झालंच तर ‘पोराला उलटी होते’ हे ब्रह्मास्त्र. विमानात यातलं काही चालत नाही. रुमाल टाकायला खिडकी उघडतच नाही.

तसं आमच्या गावाला विमान मिळालं तेच मुळी उशिरा. गिरण्यांच्या धुराड्यांवर मोठं झालेलं हे गाव. त्याच्या विमानाची वाट वर्षानुवर्षं अडवली तीही साखर कारखान्याच्या चिमणीनंच! ती 2023 साली पाडली. 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. मी लगेच मुंबईचं तिकीट काढायला भाच्याला सांगितलं.

‘‘मामा, खिडकीला जादा पैसे कशाला? गोव्याला जाताना घ्या की. इथं खाली काय आहे? माळरान!’’

हे ‘काय आहे?’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. देखावा म्हणजे हिरवे डोंगर, धबधबा आणि समुद्र, हे कोणी ठरवलं? कॅलेंडर छापणाऱ्यांनी! मी नकाशा काढला आणि सोलापूर-मुंबई अशी फूटपट्टी ठेवली. डावीकडे पंढरपूर, उजवीकडे उजनीचं पाणी थेट भिगवणपर्यंत. शिवाय मुंबईकडे जाताना थंडीतलं दुपारचं ऊन डावीकडून येतं, म्हणजे उजवीकडे डोळे दिपत नाहीत. परतीला अर्थात सगळं उलट. पंखाजवळची जागा तेवढी टाळायची, नाहीतर मुंबईपर्यंत पंखाचे खिळे मोजत बसा. (गोव्याला गेलेल्या विमानाचे पंख खिडक्यांच्या वर होते, तिथं ही भानगड नव्हती.)

एवढा अभ्यास करून मला जागा मिळाली ती उजवीकडचीच, पण खिडकीशेजारची! खिडकीत एक गृहस्थ आले, बसले, पट्टा बांधला, झडप खाली ओढली आणि झोपले.

आता बोला! झोपायचंच होतं तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस काय वाईट होती? रात्रभर झोपवून सकाळी मुंबईत सोडते. माझं तर स्पष्ट मत आहे, खिडकीची जागा पैसे घेऊन देऊच नये. परीक्षा घेऊन द्यावी. ‘वाटेत काय लागतं?’ एवढा एकच प्रश्न. ‘काही नाही’ म्हणणाऱ्याला सरळ कडेची जागा!

पंधरा मिनिटं मी कळ काढली. मग न राहवून त्यांच्या दंडाला हात लावला.

‘‘साहेब, जरा झडप वर करता का? उजनी आली.’’

ते दचकून उठले. ‘‘उतरायचंय का?’’

झडप वर गेली आणि खाली पाणीच पाणी! काठाकाठानं उसाचे हिरवेगार तुकडे, आणि त्यांच्यापलीकडे लगेच करपलेला माळ. कोणाच्या शेताला पाणी पोचलं आणि कोणाच्या नाही, हे वरून असं स्वच्छ दिसत होतं, जणू कोणी सातबाराच उलगडून ठेवला आहे. 1980 साली पुरं झालेलं हे धरण, पोटात 117 टीएमसी पाणी मावतं. शंभरावर किलोमीटर नळातून तेच आमच्या गावात येतं, आणि त्याची चार-चार दिवस वाट बघत, रात्री-अपरात्री बादल्या भरत मी संसार केला. ते पाणी असं एका नजरेत मी प्रथमच बघत होतो.

शेजारचे गृहस्थ काचेला नाक लावून बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांच्या तोंडून अस्सल सोलापुरी निघालं,

‘‘एवढं पाणी आहे होय बे? मग आपल्या नळाला काय धाड भरते?’’

या प्रश्नासाठी मी त्यांना झोपेसकट माफ केलं. खिडकीचं खरं काम हेच! म्हणून माझी एकच मागणी आहे. पाणीवाटपाच्या बैठकीला मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला उजवीकडची खिडकी सक्तीची करावी. आणि तेवढ्या एका खिडकीला झडप ठेवू नये.